कोल्हापुरी साज ठेवायला सहा इंची लाकडी लेझरकट पेटी करून घ्यायची आहे. झाकणावर कमळ, वेल, मोर, फुलपाखरू अशी निसर्गातली नक्षी हवी, डिझाइन कसं करू?

प्रश्नात तुम्ही कमळ, वेल, मोर, फुलपाखरू सगळंच लिहिलंय. सहा इंचांच्या झाकणावर एवढी गर्दी नको. शिवाय मासा, कासव, भुंगा ही मंडळी कोल्हापुरी साजात आधीच बसलेली असतात. तीच पेटीवर काढली तर आतल्या दागिन्याची मजा जाते. मी एकच पान घेईन, पिंपळाचं.

झाकणावर आरपार जाळी कापताना चारी बाजूंनी कापलेला तुकडा खाली पडतो. सुटं फुलपाखरू काढलंत तर ते गळणार आणि फुलपाखराच्या आकाराचं भोक राहणार. पानाच्या शिरा मुळातच एकमेकींना जोडलेल्या. लहानपणी वहीत ठेवायचो ते पिंपळाचं जाळीदार पान आठवा. शिरा ठेवायच्या, मधले कप्पे कापायचे. फोटोवरून ऑटो-ट्रेस करू नका, म्हणजे सॉफ्टवेअरला आपोआप रेघा काढू देऊ नका, रेघेत नको तितके बिंदू येतात. इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने गिरवा. ३ मिमी प्लायमध्ये २ मिमीपेक्षा बारीक शीर ठेवू नका. त्याहून नाजूक शिरा आरपार न कापता वरवर कोरून घ्या. पिंपळाचं लांब शेपूट मोडणारच, म्हणून ते झाकणाच्या चौकटीत नेऊन मिळवा. दिसतंही छान.

आता सांधे, म्हणजे एका फळीचे दाते दुसरीच्या खाचांत बसतात ती जागा. लेझरची रेघ साधारण ०.१ ते ०.२ मिमी लाकूड खाते. १० मिमीचा दाता आणि १० मिमीची खाच काढलीत, रेघ ०.१५ खात असेल, तर दाता ९.८५ होतो, खाच १०.१५ आणि पेटी खुळखुळते. दाता १०.१५ काढा, खाच ९.८५, कापल्यावर दोन्ही १० वर येतात. प्लायची जाडी व्हर्नियरने मोजा, ‘तीन एमएम’ म्हणून मिळणारी शीट बऱ्याचदा कमी भरते. त्याच शीटवर दोन-तीन दाते आधी कापून बघा, कटिंगवाले एवढं करून देतात.

एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेनं फुगतं. मी प्लायच घेईन. कापण्याआधी वरून मास्किंग टेप लावायला सांगा, धुराचे डाग पडत नाहीत.

जाळीतून धूळ जाते, तेव्हा झाकणाला आतून मखमल लावा. रेक्झिन लावायचं असेल तर कात्रीनेच कापा. ते बहुधा पीव्हीसीचं असतं, लेझरखाली विषारी धूर सोडतं आणि मशीनही गंजवतं.