वडील दत्तक होते, हे ते गेल्यावर कळलं तर?

‘बाबा गेले आणि कागदपत्रं चाळताना कळलं, ते दत्तक होते. मग मी कोण?’ हा प्रश्न कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वेगवेगळ्या तोंडांनी इतक्यांदा आला आहे की आता त्याबद्दल लिहायलाच हवं. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एक अनुभव सांगते.

सुधीर (नाव बदललं आहे) उद्यमनगरात वर्कशॉप चालवतात. वय पंचेचाळिशीचं. वडिलांचं तेरावं झाल्यावर वारस नोंदीसाठी मंगळवार पेठेतल्या जुन्या घरातली ट्रंक उघडली, तर तळाशी 1958 सालचं नोंदणीकृत दत्तकपत्र. वडील, म्हणजे आण्णा, तेव्हा चार वर्षांचे. भुदरगड तालुक्यातल्या दूरच्या भावकीतून त्यांना आणलेलं.

‘मॅडम, पंचगंगेवर पिंडदानाला मी आजोबा-पणजोबांची नावं सांगितली. ती खोटीच की!’ सुधीर संतापले होते. ‘अख्खी भावकी जाणून होती. मला तेवढं येडं ठेवलं.’

अशा वेळी हक्काची धास्ती आधी मिटवावी, मग मनाशी बोलता येतं. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यानुसार मूल दत्तकाच्या तारखेपासून दत्तक घेणाऱ्यांचंच धरलं जातं. जन्मघराशी नातं उरतं ते लग्नाच्या निषिद्ध नात्यांपुरतं. दत्तकपत्र नोंदलेलं असेल, तर खोटं ठरेपर्यंत कोर्ट ते खरंच मानतं. धर्मशास्त्रातही दत्तकाचं गोत्र दत्तक घेणाऱ्या घराचं. म्हणजे सुधीरनी घाटावर घेतलेली नावं बरोबरच होती. आणि हे कोल्हापूर आहे! कागलच्या घाटग्यांचा यशवंत 17 मार्च 1884 रोजी दत्तक आला आणि शाहू छत्रपती झाला, हे इथं शाळकरी पोरही सांगतं. राजवाड्यातलं दत्तक वाजतगाजत होतं, आपल्या घरातलं मात्र ट्रंकेच्या तळाशी जातं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

राग तरीही हटेना. एकट्या माणसाच्या मनात शिरण्याऐवजी मी नेहमी अख्खं घर डोळ्यांसमोर मांडते. घरातलं गुपित क्वचितच एकट्याचं असतं, ही माझी ठाम धारणा आहे. म्हणून विचारलं, ‘हे गुपित होतं कुणाचं?’

‘आण्णांचंच की.’

‘चार वर्षांच्या पोराचं?’

ते थांबले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, ‘चार वर्षं… म्हणजे त्यांना आई आठवत असणार.’

इतके दिवस त्यांच्या प्रत्येक वाक्यात ‘मला’ होतं. त्या दुपारी पहिल्यांदा त्यांना तो मुलगा दिसला. मी काही बोलले नाही. अशा जागी गप्प बसणं मला वर्षानुवर्षांच्या कामानं शिकवलंय आणि त्याचं मोल मी जाणते. खूप वेळानं ते म्हणाले, ‘मला सातारच्या सैनिक शाळेत जायचं होतं. आण्णांनी फॉर्मच भरू दिला नाही. कारण विचारलं तर उठून जायचे. मी दोन वर्षं त्यांच्याशी धड बोललो नव्हतो.’ आणि वडील गेल्यापासून कोरडे राहिलेले सुधीर रडले.

चौथ्या वर्षी घर सुटलेल्या आण्णांना आपलं पोर निवासी शाळेत दूर धाडवलं नसेल. शाळेचं खरं कारण हेच होतं का, हे सांगायला आण्णा नाहीत. पण मुलाला वडिलांकडे बघायची नवी वाट सापडली होती.

पुढच्या भेटीला त्यांनी आईंना आणलं. त्या म्हणाल्या, ‘लग्न ठरताना ह्यांनीच मला सांगितलं होतं. सासूबाईंची दोन लेकरं गेलेली. कुणी भुदरगडचं नाव काढलं की त्या ताटावरनं उठायच्या. त्या गेल्यावर मी म्हटलं, आता पोराला सांगा. तर म्हणाले, आईला शब्द दिलाय.’

माझ्या पाहण्यात लपवणारा माणूस बहुधा कुणाशी तरी इमान राखत असतो. तो ‘कुणीतरी’ सापडला की रागाला बसायला जागा मिळते. राग जावाच, असा आग्रह मी धरत नाही.

तुमच्या घरी असं काही निघालं, तर आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. जाब मागू नका. ‘बाबा लहानपणी कसे होते?’ एवढंच विचारा. कागद लागलेच तर दुय्यम निबंधक कार्यालयातली दस्तनोंद आणि शाळेचं जनरल रजिस्टर (प्रवेशाची नोंदवही) बघा. जन्मघरी अचानक जाऊन उभं राहू नका. तिथंही कुणीतरी पोर दिल्याचं दुःख गिळलेलं असतं आणि तुम्ही वाटणी मागायला आलात, ही भीतीही असते. ओळख झाल्यावर मधुमेह, हृदयविकार असे आजार त्या घरात आहेत का, हे जरूर विचारा. आणि स्वतःच्या मुलांना सांगा. दहावीतल्या मुलाला हे झेपतं.

सुधीरनी त्याच आठवड्यात मुलीला सांगितलं. तिनं लगेच विचारलं, ‘मग आपली तिकडची माणसं कुठं राहतात?’ आण्णांचे एक पुतणे गावी आहेत, असं आईंकडून कळलं. सुधीरनी त्यांना फोन केला आहे. दिवाळीच्या सुटीत जायचं ठरलंय, आईंना घेऊन.