बायपासनंतर तिसऱ्या दिवशी बाबांचे ठोके बिघडले, म्हणजे ऑपरेशन फसलं का?

तुम्ही लिहिलंय की बायपास नीट पार पडली, पण तिसऱ्या रात्री बाबांचे ठोके १४० च्या वर गेले, डॉक्टर 'एएफ' (अॅट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडणं) म्हणाले आणि घरच्यांनी ऑपरेशन फसलं असंच धरून घेतलंय. मी हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत सिस्टर आहे. नुसत्या एएफवरून ऑपरेशन फसलं असं कुणीच म्हणू शकत नाही. बायपासच्या साधारण चारांतल्या एका पेशंटला हे होतं, झडपेच्या ऑपरेशननंतर त्याहून जास्त जणांना, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या ते चौथ्या दिवसातच.

हृदयाभोवती सूज असते, अंगात पाणी साठलेलं असतं, पोटॅशियम-मॅग्नेशियम खाली गेलेलं असू शकतं. अशात वरचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरतात. मनगट धरलं की लगेच कळतं: एक ठोका ठसठशीत, पुढचा पुसट, मध्येच काहीच नाही. मॉनिटर १४० दाखवतो आणि माझ्या बोटांखाली ११० च लागतात, कारण काही ठोके मनगटापर्यंत पोचतच नाहीत.

उपचारात आधी क्षार भरून काढतात. मग मेटोप्रोलॉलसारख्या औषधाने वेग कमी करतात किंवा लय परत आणायला अमिओडॅरोन देतात. २०१६ साली अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात या दोन्ही वाटा तुलनेला घेतल्या, तर हॉस्पिटलमधल्या दिवसांत फरक पडला नाही. त्यामुळे डॉक्टर फक्त वेग आवरत असतील तर ती हयगय नव्हे. बीपी फार घसरलं तरच तातडीने शॉक देतात. 'शॉक' ऐकून नातेवाईक खचतात, पण पेशंट शुद्धीत असेल तर आधी झोपेचं इंजेक्शन दिलेलं असतं.

ज्यांना ऑपरेशनच्या आधीपासूनच एएफ असतं त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यात ऑपरेशनच्या वेळीच 'मेझ' (चुकीच्या विद्युत लहरी अडवायला वरच्या कप्प्यांत व्रणांच्या रेघा तयार करणं) करता येतं किंवा डाव्या वरच्या कप्प्याचा कानासारखा भाग बंद करता येतो. हा भाग बंद केल्याने पक्षाघाताचं प्रमाण घटतं, हे २०२१ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं.

मला खरी काळजी वाटते ती घरी गेल्यानंतरची. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून एएफ ४८ तासांपेक्षा जास्त टिकलं तर रक्त पातळ करणारी गोळी द्यायची का, हे रक्तस्रावाचा धोका तोलून ठरवतात. दोन महिन्यांत बहुतेकांची लय पूर्ववत होते, आणि नेमकी तेव्हाच माणसं 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळ्या आपणहून बंद करतात. तसं करू नका. डिस्चार्जच्या आधी विचारून कागदावर लिहून घ्या: अमिओडॅरोन कधीपर्यंत, रक्त पातळ करणारी गोळी कधीपर्यंत, पुढचा ईसीजी कधी. रक्त पातळ करायला अॅसिट्रॉम दिली असेल तर आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीची) तारीख चुकवू नका, आणि पालक-मेथी एका आठवड्यात रोज, पुढच्यात अजिबात नाही, असं होऊ देऊ नका, त्याने या गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो.

रोज सकाळी बाबांची नाडी पूर्ण मिनिटभर मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एएफमध्ये आकडा चुकतो. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एक हात लुळा पडला तर तो पक्षाघात असू शकतो; फोनाफोनीत वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा.