सिक्युअर फोल्डरचा पिन आठवत नाही, लॅपटॉपवरचा लॉकर पण उघडत नाही

ताई, तुमच्या एका प्रश्नात दोन वेगळी कुलपं आहेत. सॅमसंगच्या सिक्युअर फोल्डरचा पिन विसरलाय पण बोट लावलं की अजून उघडतोय, आणि लॅपटॉपवर मिस्टरांनी यूट्यूब बघून केलेल्या 'लॉकर'चा पासवर्ड त्यांनाच आठवत नाहीये. दुकानवाला फोन रिसेट मारू म्हणतोय त्याला आधी नाही म्हणा. रिसेट मारला की सिक्युअर फोल्डर आतल्या फोटोंसकट साफ, मग कोणाच्या बापाला परत आणता येत नाही.

फोनचं आधी करा, आजच, कारण बोटाची सोय किती वेळ टिकेल सांगता येत नाही. फोन रिस्टार्ट करू नका आणि बॅटरी संपू देऊ नका, कारण बंद होऊन चालू झाला की तो बोट घेत नाही, पिनच मागतो. उगाच अंदाजाने पिन मारत बसलात तरी तेच होणार, शिवाय दर चुकीला थांबायचा वेळ वाढत जातो. तर बोट लावून आत जा, गॅलरीत फोटो सिलेक्ट करा, तीन टिंबांवर 'मूव्ह आउट ऑफ सिक्युअर फोल्डर' दिसेल ते दाबा, सगळे फोटो बाहेरच्या गॅलरीत येतील. पीडीएफ वगैरे असतील तर माय फाइल्समधून तसंच. सगळं बाहेर आलं, पेनड्राइव्हवर कॉपी झाली की मग पिनच्या मागे लागा: पिनच्या स्क्रीनवर फरगॉट दाबायचं, सॅमसंग अकाउंटचा पासवर्ड टाकायचा, नवा पिन सेट. हे फक्त आधी 'सॅमसंग अकाउंटने रिसेट' चालू ठेवलेलं असेल तरच चालतं, नाहीतर जुना पिन आठवण्याशिवाय मार्ग नाही. म्हणूनच माल आधी बाहेर.

(कोणी वाचत असेल आणि गूगलच्या फाइल्स अ‍ॅपमधल्या सेफ फोल्डरचा पिन विसरला असेल तर तिथे फरगॉटची सोयच नाही, गूगल पण उघडून देत नाही. गूगल फोटोजचा लॉक्ड फोल्डर मात्र फोनच्याच स्क्रीन लॉकने उघडतो, त्याला वेगळा पिन नसतो. पण बॅकअप चालू नसेल तर अ‍ॅप अनइन्स्टॉल किंवा डेटा क्लियर केल्यावर तेही जातं.)

आता लॅपटॉप, इथे मला हसू आलं कारण ते कुलूप नाहीच, पडदा आहे नुसता. विंडोजमध्ये फोल्डरला सरळ पासवर्ड लावायची सोय नाही म्हणून लोक नोटपॅडमध्ये कोड पेस्ट करून बॅट फाइल (डबल क्लिक केलं की आतले हुकूम आपोआप चालवणारी साधी फाइल) बनवतात. ती फाइल फोल्डरचं नाव बदलून 'कंट्रोल पॅनल' आणि पुढे कंसात लांबलचक आकडे असं करते, वर हिडन आणि सिस्टिमचा शिक्का मारते, बस. आतल्या फाइल्स जशाच्या तशा पडलेल्या असतात. आणि पासवर्ड? तो त्याच बॅट फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला असतो! फाइलवर डबल क्लिक न करता राइट क्लिक करून एडिट दाबा (विंडोज 11 असेल तर आधी 'शो मोअर ऑप्शन्स'), नोटपॅड उघडेल, त्यात इफ नॉट ने सुरू होणारी एक ओळ शोधा, दोन इक्वल-टू च्या चिन्हांपुढे जे लिहिलंय तोच पासवर्ड. मिस्टरांना सांगू नका किती सोपं होतं ते.

बॅट फाइल डिलीट केली असेल तरी घाबरू नका. सेव्हन-झिप टाका (फुकट आहे), त्याचा फाइल मॅनेजर उघडून त्या ड्राइव्हमध्ये जा, तिथे तो फोल्डर साध्या फोल्डरसारखाच दिसतो, आत शिरा आणि फाइल्स कॉपी करून बाहेर काढा. विंडोजच्या नेहमीच्या खिडकीतून तो सापडला तरी क्लिक केल्यावर कंट्रोल पॅनल उघडतो, म्हणून लोकांना वाटतं डेटा उडाला.

पण हे झालं लपवलेल्या फोल्डरचं. सेव्हन-झिपनेच सेव्हन-झेड फाइल करून पासवर्ड टाकला असता तर ते खरं एन्क्रिप्शन, म्हणजे आतला मजकूरच पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा बदललेला (पद्धतीचं नाव एईएस-256), तिथे पळवाट नाही, फक्त अंदाज. आठ अक्षरी पासवर्ड, नुसती लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे धरले तरी 2.8 लाख कोटी शक्यता होतात, सेकंदाला हजार तपासले तरी सगळे संपायला जवळपास 89 वर्षं. अर्धा पासवर्ड आठवत असेल तर हॅशकॅट, जॉन द रिपर असली फुकट साधनं उरलेला भाग शोधून देऊ शकतात. 'ऑनलाइन अनलॉक' वाल्या साइटवर फाइल चढवू नका, त्यात घरची कागदपत्रं आहेत.

आणि हो, आधारची पीडीएफ वेगळाच पासवर्ड मागतेय असं लिहिलंय तुम्ही, तो कोणी लावलेला नाही, तो आधीपासूनच असतो. आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि लगेच जन्माचं साल, मध्ये स्पेस नाही. सातबारा सापडला नाही तरी महाभूमी या सरकारी साइटवरून डिजिटल सहीचा नवीन काढता येतो, त्यासाठी जीव टांगणीला लावू नका.

फोटो बाहेर आले की सांगा, बॅट फाइलमधली ओळ सापडली नाही तर ती इथे टाका, बघून सांगतो.