पुस्तकात नववा अवतार बुद्ध, महाद्वार रोडवरून आणलेल्या तसबिरीत विठ्ठल. मुलीच्या शाळेच्या तक्त्यात कोणता लिहू?

विठ्ठल लिहिलात तरी चूक नाही, कारण दहा अवतारांची एकच पक्की यादी कधी नव्हतीच. भागवताच्या पहिल्या स्कंधात २२ अवतार येतात आणि पुढे लगेच ते असंख्य आहेत असंही म्हटलंय. बाराव्या शतकातला ‘गीतगोविंद’कार कवी जयदेव आठवा बलराम, नववा बुद्ध धरतो. कृष्ण त्याच्या दहांत नाही, कारण ही दहाही रूपं घेणारा तोच. मुलांच्या पुस्तकांत बहुधा आठवा कृष्ण, नववा बुद्ध असतो. चित्रकार-मूर्तिकारांनी नवव्या जागी आपापला देव बसवला: ओडिशाच्या पटचित्रांत जगन्नाथ, आपल्याकडे काही पंचांगांत आणि देवळांच्या कोरीवकामात विठोबा.

एक मात्र लक्षात ठेवा. बुद्ध हा विष्णूचा अवतार, हे बौद्धांना मान्य नाही. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत ते स्पष्ट नाकारलंय. वर्गात बौद्ध मुलंही असतील, तेव्हा मी तरी विठ्ठलच लिहीन. बाई पुस्तकाप्रमाणेच गुण देणार असतील तर आधी विचारून घ्या, उगाच पोरीचे गुण जायला नकोत.

चित्रांसाठी सावंतवाडीची दशावतारी गंजिफा बघा. १० अवतारांचे प्रत्येकी १२, असे १२० पत्ते. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू अशा खुणा असतात. लहान हाताला अख्ख्या देवापेक्षा त्या काढायला सोप्या.