खारपाणपट्ट्यातली गाडी घरी कशी धुवावी

नमस्कार. दर्यापूर तालुक्यातील आपल्या गावी वॉशिंग सेंटर नाही. गडद निळ्या रंगाची जुनी गाडी आपण नुकतीच घेतली असून बोअरच्या पाण्याने आणि कपड्यांच्या पावडरीने ती अंगणात धुता. धुतल्यावर बॉनेटवर पांढरे डाग उठतात, उन्हात पाहिले की रंगावर गोल गोल बारीक ओरखडे दिसतात, आणि शहरातील दुकानदाराने यावर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा कडक पारदर्शक संरक्षक थर, हाच उपाय असल्याचे सांगितले आहे. कोटिंग करावे का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की सध्या करू नये. आपल्या दोन्ही तक्रारींचे मूळ गाडी धुण्याच्या पद्धतीत आहे, आणि ती पद्धत तशीच राहिली तर कोटिंगवरही तेच डाग आणि तेच ओरखडे येतील.

आधी पाण्याचे पाहू, कारण आपल्याकडे खरा प्रश्न तोच आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यातील भूजल मुळातच खारे आहे. असे पाणी तापलेल्या पत्र्यावर पडले की पाणी उडून जाते आणि क्षार जागेवरच राहतो. उन्हाळा सरत आला की घरच्या कुलरच्या गवतावर जो पांढरा, कडक थर जमतो, तोच थर आपल्या बॉनेटवर ठिपक्यांच्या रूपाने जमत आहे. यातही दोन प्रकार असतात आणि ते ओळखणे उपयोगाचे आहे. नुसत्या मिठासारख्या क्षारांचा डाग गोड्या पाण्याने भिजवून पुसला की निघून जातो. कॅल्शियमचा, म्हणजे जड पाण्याचा डाग मात्र पाण्याने निघत नाही, त्याला सौम्य आम्ल लागते. म्हणून पहिल्यांदा गोड्या पाण्यात भिजवलेला फडका डागावर दहा मिनिटे ठेवून पाहा. तरीही डाग राहिला, तर पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच गोडे पाणी एकत्र करून त्यात भिजवलेले मऊ कापड एक-दोन मिनिटे डागावर ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका. हे काम गार पत्र्यावर आणि सावलीतच करावे, आणि आधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावे. फरशीवरचे डाग काढण्याचे ॲसिड गाडीच्या जवळही आणू नये.

नवे डाग पडू नयेत यासाठी सगळी गाडी गोड्या पाण्याने धुण्याची गरज नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत ते शक्यही नसते. चिखल मऊ करून खाली उतरवण्यासाठी बोअरचे पाणी चालते. शेवटचे पाणी मात्र गोडे हवे, मग ते नळयोजनेचे असो किंवा पावसाळ्यात टिनपत्र्यांवरून टाकीत साठवलेले असो. पावसाचे पाणी या कामासाठी सर्वांत उत्तम, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. गावातील आरओ केंद्रातून वाया जाणारे पाणी फुकट मिळते म्हणून काही जण गाडीसाठी आणतात, परंतु गाळण्यात वेगळे काढलेले सारे क्षार त्याच पाण्यात उतरलेले असतात, त्यामुळे ते बोअरच्या पाण्याहूनही वाईट ठरते. शेवटचे पाणी टाकल्यावर गाडी आपोआप वाळू देऊ नये. मोठ्या, जाड मायक्रोफायबर टॉवेलने ती लगेच टिपून घ्यावी.

वेळेचेही तितकेच महत्त्व आहे. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि गडद रंगाच्या बॉनेटवर दुपारी हात ठेववत नाही. अशा पत्र्यावर साबण धुण्याआधीच वाळतो. सूर्य वर येण्याआधी गाडी धुवावी. संध्याकाळी धुवायची असेल, तर तळहाताची मागची बाजू बॉनेटला लावून ते गार झाल्याची खात्री करूनच पाणी घ्यावे. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीच्या तापलेल्या ब्रेक डिस्कवर थंड पाणी कधीही मारू नये, कारण त्याने डिस्क वाकण्याची भीती असते.

आता ओरखड्यांविषयी. हे गोल ओरखडे गाडी चालवल्याने पडत नाहीत, कोरडा फडका मारल्याने पडतात. सकाळी गाडी काढण्याआधी जुन्या धोतराच्या किंवा बनियनच्या तुकड्याने धूळ झटकण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत मुरूम असतो, गिट्टीची चुरी असते, आणि फडक्याखाली सापडलेला त्यातला प्रत्येक कण रंगावरच्या पारदर्शक थरावर रेघ ओढत जातो. सुती कापड अंगाला मऊ लागते, पण सपाट विणीमुळे कण त्यात आत शिरत नाहीत, पृष्ठभागावरच घासत राहतात. शिवाय जुन्या कपड्याची शिवण किंवा काठ असला की तोही घासतो. काळ्या मातीचा स्वभाव आणखी वेगळा आहे. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून पांदण रस्त्यावरून आणलेला चिखल वाळल्यावर पत्र्याला घट्ट आवळून बसतो. तो नखाने किंवा ब्रशने खरवडला की रंगाचे नुकसान ठरलेलेच. त्याला वेळ द्यावा. पाईपने किंवा मगाने गाडी पूर्ण भिजवावी, पंधरा-वीस मिनिटे थांबावे, वाळू लागल्यास पुन्हा भिजवावी, आणि माती गाऱ्यासारखी होऊन स्वतःच ओघळू लागली की मगच पाण्याच्या धारेने खाली उतरवावी. माती जाईपर्यंत गाडीला हात किंवा कापड लावू नये. हा एक नियम पाळला तरी निम्मे काम झाले असे समजा.

त्यानंतर दोन बादल्या घ्याव्यात, एकीत गाडीचा शाम्पू बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि दुसरीत साधे पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवून छतापासून सुरुवात करावी, एक भाग झाला की मोजा साध्या पाण्यात पिळून माती तिथे सोडावी आणि मगच पुन्हा शाम्पूत घालावा. हात गोल न फिरवता सरळ रेषेत, हलकेच फिरवावा. दारांचा खालचा भाग आणि बंपर सर्वांत शेवटी घ्यावेत. चाकांसाठी वेगळा ब्रश आणि वेगळे कापड ठेवावे, कारण चाकांवर ब्रेकची लोखंडी भुकटी असते आणि तेच कापड दारावर फिरवले की दार गेलेच. कपड्यांची पावडर गाडीसाठी वापरू नये. ती तीव्र अल्कलीयुक्त असते, गाडीवरचे मेण एका धुण्यात काढून टाकते आणि दारांचे रबर वेळेआधी कोरडे पाडते. टायर आणि बंपर डिझेलच्या फडक्याने पुसून चमकवण्याची जी पद्धत आहे तीही सोडावी, कारण डिझेलने रबर फुगते आणि त्या तेलकट थरावर पुढची सगळी धूळ चिकटते.

वरची चमक सगळे पाहतात, परंतु गाडी खराब होते ती खालून, आणि खाऱ्या पाण्याच्या भागात तर फारच लवकर. चाकावरच्या कमानीची कडा आतल्या बाजूला दुमडलेली असते. सोयाबीनच्या सोंगणीनंतर त्या दुमडीत बोट फिरवून पाहा, वरून स्वच्छ दिसणाऱ्या गाडीतूनही ओल्या काळ्या मातीचा ढेकूळ हाताला येतो. ही माती कित्येक दिवस ओल धरून ठेवते आणि पत्रा तिथूनच गंजायला लागतो. पावसाळ्यात दर धुण्याच्या वेळी ही जागा पाण्याची धार लावून आणि बोटाने मोकळी करावी, आणि खालच्या भागाला शेवटचे पाणी गोडेच द्यावे. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती बुजली असतील तर कडुनिंबाच्या बारीक काडीने उघडावीत. पुढच्या काचेखालच्या जाळीत कडुनिंबाचा पाला साठतो, तो हाताने काढावा, अन्यथा तिथला निचरा तुंबून पाणी गाडीत उतरते. इंजिनावर मात्र धार मारू नये. बॅटरी आणि वायरिंगचा भाग ओलसर कापडाने पुसून घेणे पुरेसे आहे.

पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा डिंक यांच्यासाठी धुण्याच्या दिवसाची वाट पाहू नये, कारण आपल्या उन्हात विष्ठेचा ठसा रंगात कायमचा उतरतो. ओला कपडा दहा मिनिटे ठेवून ती अलगद उचलून घ्यावी.

आतल्या भागाबद्दल आपण विचारलेले नाही, पण शेतकऱ्याच्या गाडीसाठी दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते. डिकीतून तूर, सोयाबीन किंवा सरकीची पोती नेली असतील तर सांडलेला दाणा त्याच दिवशी झाडून काढावा. दाण्याच्या वासाने उंदीर येतात आणि नंतर वायरी कुरतडतात. दुसरी गोष्ट फवारणीच्या औषधांची. ती बंद गाडीत नेऊच नयेत. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कधी डबा डिकीत सांडलाच, तर दारे उघडी ठेवावीत, रबरी हातमोजे घालून त्यावर कोरडी माती टाकावी, ती औषध शोषून घेईल. ती माती आणि खालची चटई विहीर, पाण्याची टाकी व गुरांपासून दूर ठेवावी, आणि त्या जागी व्हॅक्युम चालवू नये. बाकी डॅशबोर्डला ओलसर मायक्रोफायबर पुरेसे आहे. बाजारातले चकचकीत स्प्रे धूळ ओढतात आणि उन्हात काचेवर त्याची चमक डोळ्यांवर येते.

आता आधीच पडलेल्या ओरखड्यांकडे वळू. ते पॉलिशने जातात, परंतु पॉलिश म्हणजे वरचा पारदर्शक थर थोडा घासून काढणे. हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा पातळ असतो आणि तो पुन्हा वाढत नाही. त्यामुळे दर दिवाळीला पॉलिश करून घेणे गाडीच्या हिताचे नाही. आधी दोन-तीन महिने वर सांगितल्याप्रमाणे गाडी धुवावी, नवे ओरखडे पडणे थांबले आहे याची खात्री करावी, मग एकदाच चांगले पॉलिश करून त्यावर कृत्रिम सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचे संरक्षक लेपन, लावावे. नैसर्गिक मेणाची चमक सुंदर असते, पण आपल्या उन्हात आणि धुळीत ती फार टिकत नाही. सीलंट घरी हाताने लावता येते आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा लावले की पुरते. गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर धुळीच्या गाडीवर कव्हर घालू नये, कारण वाऱ्याने हलणारे कव्हर सँडपेपरचे काम करते. संत्र्याच्या रोपवाटिकेला लावतात तसल्या हिरव्या नेटचा मांडव त्याहून बरा.

सिरॅमिक कोटिंगने पाणी लवकर ओघळते आणि धुणे सोपे होते, हे खरे आहे. ओरखडे रोखण्याची त्याची ताकद मात्र मर्यादित असते, आणि खाऱ्या पाण्याचे थेंब त्यावर वाळले तर डाग त्यावरही पडतात. वर्षभरानंतरही ते करावेसे वाटले तर अवश्य करावे. परंतु आपली गाडी जुनी आहे आणि तिचा एखादा भाग पूर्वी पुन्हा रंगवलेला असू शकतो. म्हणून पॉलिशचे मशीन लावू देण्याआधी दुकानदाराला प्रत्येक भागावरील रंगाची जाडी यंत्राने मोजून आपल्यासमोर लिहून द्यायला सांगावे, आणि ज्याच्याकडे ते यंत्रच नाही त्याच्याकडे गाडी देऊ नये.