वडिलांचा हप्ता आणि वारसाची नोंद

प्रश्न : वडील वारल्यावर पीएम-किसानचा हप्ता थांबला. सातबाऱ्यावर आता माझे नाव लागले आहे. तो हप्ता माझ्या खात्यावर वळवता येईल का? (एक शेतकरी, बीड जिल्हा)

उत्तर : हप्ता वळवता येत नाही, आपणास स्वतःच्या नावाने नवी नोंदणी करावी लागेल. १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतलेल्या जमिनीला हा लाभ मिळत नाही, मात्र खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीला ती अट आड येत नाही. म्हणूनच ज्या फेरफारावर (जमिनीवरील नाव बदलल्याच्या नोंदीवर) ‘वारस’ असे कारण लिहिलेले असते, त्याची नक्कल वडिलांच्या मृत्युदाखल्यासोबत जरूर जोडावी. दुःखाच्या दिवसांत हे कागद मागे पडतात, याची आम्हाला जाणीव आहे. आधारशी जोडलेले खाते आणि ई-केवायसी हवीच. मंजुरीनंतर केंद्राचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० वेगळे.