रेकॉर्डींचं कपाट एक, रेकॉर्डी साडेसहाशे

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे खान्देशात घरं बदलायची, रंगवायची, माळे उपसायची एकच धांदल असते आणि दरवर्षी त्या सुमारास आमच्याकडे जुन्या वस्तूंचं काय करू अशी पत्रं येतात. या अंकात तिन्ही पत्रं रेकॉर्डींचीच घेतलीत.

प्रश्न: राम राम. मी रेल्वेतून रिटायर होऊन भुसावळलाच राहतो, पण आता मुलाजवळ म्हणून जळगावला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलाय. माझ्याकडे ६५० च्या आसपास रेकॉर्डी आहेत, एलपी (मोठ्या १२ इंची) जास्त, ईपी (लहान ७ इंची) बऱ्याच, आणि वडिलांच्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या एक ट्रंकभर. हिने सांगून टाकलंय की एक कपाट तुमचं, त्याच्या बाहेर एकही रेकॉर्ड दिसली तर ती भंगारवाल्याची. मुलगा म्हणतो अप्पा सगळं मोबाईलवर आहे, कशाला वागवताय. मी रोज बसतो, एकेक काढतो, नाही ही राहू दे म्हणतो आणि परत ठेवतो. महिना झाला, अजून ढीग तेवढाच आहे. कोणत्या द्याव्यात, किती पैसे येतील, कुठे द्याव्यात ते सांगा.
— एक वाचक, भुसावळ

उत्तर: अप्पा, तुमची गाडी अडलीय ती प्रश्नाच्या पहिल्याच शब्दावर. 'द्याव्यात' म्हणून हातात घेतली की प्रत्येक रेकॉर्ड स्वतःची वकिली करायला लागते आणि तुमच्यासारख्या माणसासमोर ती केस जिंकणारच. त्यामुळे उलटं करा. आधी कपाट मोजा. एलपीची बाजू साधारण ३१ सेंटीमीटर, म्हणजे खण ३३ चा तरी पाहिजे, आणि एका फुटात कव्हरसकट ७० ते ८० एलपी बसतात, तेही बोटं शिरायला जागा ठेवली तर ७० च धरा. तीन फुटाचा एक खण म्हणजे २१० एलपी. शंभर एलपींचं वजन २० ते २५ किलो भरतं, तेव्हा फर्निचरवाल्याला आधीच सांगा की खाली जाड प्लाय आणि मधे आधार पाहिजे, नाहीतर दोन वर्षांत फळीला झोळ. कपाटातल्या सगळ्या खणांचा असा एक आकडा काढून कागदावर लिहा आणि तेवढ्याच निवडून घ्यायच्या. उरतील त्या आपोआप द्यायच्या.

निवडायला बसाल तेव्हा सगळ्यात आधी तब्येत बघा, गाणं नंतर. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री ही काही बातमी नाही, आणि भुसावळला पत्र्याखालच्या माळ्यावर तर विचारूच नका. जुन्या धाब्याच्या घरात रेकॉर्डी टिकल्या कारण मातीचं छत गार असतं, पण नंतर घरोघर पत्रा आला आणि आडव्या थप्पीत ठेवलेल्या व्हायनल (प्लास्टिकच्या) रेकॉर्डी मऊ पडून वाकल्या. रेकॉर्ड प्लेअरवर फिरवायची, डोळे तबकडीच्या पातळीला आणायचे आणि कड बघायची. कड थोडी वरखाली होतेय पण सुई नीट चालतेय, तर चालेल. सुई उडतेय तर ती रेकॉर्ड बाजूला, मग आवाज कुणाचाही असो. नंतर खिडकीच्या उजेडात तिरपी धरा. खाचा काळ्या चमकल्या तर ठीक, पण राखाडी पडल्या असतील तर ती झिजलेली, कारण जुन्या प्लेअरच्या सुईचा दाब ५ ग्रॅम, त्याहूनही जास्त असायचा आणि घासून घासून खाचा खरवडल्या जायच्या. तुमच्यातल्या काही रेकॉर्डी लग्नाच्या लाऊडस्पीकरवाल्याकडून घेतलेल्या असतील तर लेबलवर पेनाने नंबर टाकलेला दिसेल. त्या गावोगाव वाजलेल्या असतात, एक सुई पूर्ण हंगाम चालवलेली. बहुतेक संपलेल्या निघतील. एकट्या या दोन तपासण्यांत शंभरेक तरी गळतील, आणि एकही चांगली जात नाही म्हटल्यावर जीवही दुखणार नाही.

मग डुप्लिकेट. सिनेमाची चार गाण्यांची ईपी आणि त्याच सिनेमाची एलपी दोन्ही असतील तर ईपी जाऊ द्या. दोन्हींच्या मागचं छापील वाचून मग द्या मात्र, कधीकधी ईपीवरचं एखादं गाणं एलपीवर नसतं. हे काम कंटाळवाणं आहे पण एका दुपारचं आहे.

आता मुलाचं म्हणणं. तो निम्मा बरोबर आहे. हिंदी सिनेमाची गाजलेली गाणी मोबाईलवर आहेत, तुमच्या झिजलेल्या रेकॉर्डीपेक्षा स्वच्छ आहेत, आणि ती ठेवायची असतील तर ऐकण्याच्या आनंदासाठी ठेवा, जपायचं कर्तव्य म्हणून नाही. पण मराठी ईपी घ्या, भावगीतं, लोकगीतं, कीर्तन, तमाशाच्या लावण्या. पुढच्या बाजूचं गाणं सगळ्यांना माहीत असतं, ते सापडेल. रेकॉर्ड उलटवा आणि मागच्या बाजूचं नाव, गायकाच्या नावासकट, मोबाईलवर टाइप करून बघा. पुष्कळदा काहीच येत नाही. ते गाणं पुढे ना कॅसेटवर आलं ना सीडीवर, ते त्या ७ इंची प्लास्टिकवर तेवढंच आहे. माझं मत विचाराल तर कपाटातली पहिली जागा यांची. गावातल्या एखाद्या संस्थेने, शाळेने, देवस्थानाने थोड्याच काढलेल्या रेकॉर्डी असतील तर त्याही, मग त्यातलं गाणं बेसूर का असेना.

पैशाचं ऐका. लोकांना वाटतं जे गाजलं ते महाग. रेकॉर्डींच्या बाजारात नेमकं उलटं चालतं. १९७५ चा शोले घ्या, पॉलिडोरने काढलेली त्याच्या डायलॉगची एलपी एवढी खपली की अजूनही जुन्या ढिगात ती हमखास निघते, त्यामुळे कव्हरसकट अगदी कोरी असल्याशिवाय तिचं कुणाला अप्रूप नाही. किंमत येते कमी निघालेल्या रेकॉर्डीला, न चाललेल्या सिनेमाच्या पण चांगल्या संगीताच्या एलपीला, शास्त्रीयाच्या जुन्या छपाईला, आणि कव्हरला. कव्हर फाटकं, कोपरे उंदराने खाल्लेले, वर आत्याबाईंच्या लग्नाचा आहेर लिहिलेला, की भाव निम्म्याच्या खाली. (तो आहेर लिहिलेला तुकडा तुम्हाला ठेवावासा वाटणार हे मला माहितीय. ठेवा. अशा घरच्या आठवणींच्या वीसपंचवीस ठेवा, त्याची कारणं कुणाला द्यायची गरज नाही.) भाव बघायचा तर डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर लेबलवरचा नंबर टाका आणि मधल्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला बारीक नंबर जुळतो का बघा, आणि लोक मागतायत तो आकडा सोडा, शेवटची विक्री कितीला झाली तो बघा.

संच फोडू नका. गीतरामायणासारखा संच घ्या, १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर वर्षभर झालेली ५६ गाणी, एलपीचा पूर्ण संच असेल तर तो घेणारा मिळतो, त्यातल्या दोन आठवण म्हणून काढून ठेवल्या तर राहिलेल्या कुणी हातात धरत नाही. सगळा ठेवा नाहीतर सगळा द्या.

द्यायच्या कुठे, तर पहिल्याच व्यापाऱ्याला अख्खा ढीग कधीच देऊ नका. तो तीस चांगल्या बघून सहाशेचा एक ठोक आकडा सांगतो आणि तुम्ही वजन वागवायला कंटाळलेले असता म्हणून हो म्हणता. निदान शंभरच्या लेबलचे फोटो काढून यादी करा, दोघातिघांना पाठवा, मुंबईच्या चोरबाजारात दुकानं आहेत, फेसबुकवर रेकॉर्डवाल्यांचे ग्रुप आहेत. कुरिअरने पाठवाल तेव्हा रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून आतल्या पिशवीत ठेवायची आणि कव्हर तिच्या बाजूला, कारण वाटेत आपटली की ती कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. संगीत विभाग असलेल्या कॉलेजला द्यायच्या असतील तर आधी फोन करून विचारा, त्यांच्याकडे प्लेअर चालू आहे का ते विचारा, आणि नेऊन टाकू नका, यादी द्या, त्यांना हव्या त्या त्यांना निवडू द्या.

बाकी ज्यांना भाव नाही पण वाजतात छान, त्या विकायच्या भानगडीत पडू नका. थंडीत शेतावर भरीत पार्टी करता ना, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत, तशी एक ठेवा, प्लेअर तिथे न्या, ढीग मांडा आणि ज्याला जी हवी ती उचलू द्या. रेल्वेतले तुमचे जोडीदार दुपारपर्यंत निम्मा ढीग संपवतील, आणि उरलेल्यातली एखादी परत घरी आणावीशी वाटली तर कपाटातली एक त्यांना द्यायची, हा नियम आधीच वहिनींच्या कानावर घालून ठेवा.

७८ च्या ट्रंकेचं सविस्तर खालच्या उत्तरात लिहिलंय, तेही वाचा.

प्रश्न: सासरे गेले, त्यांच्या जाड जाड काळ्या रेकॉर्डी आहेत, गाठोड्यात बांधलेल्या. नाट्यसंगीत आणि अभंग असावेत, लेबलवर कुत्र्याचं चित्र आहे. आमच्याकडे मशीन नाही. रद्दीवाला किलोने मागतोय. मला यातलं काही कळत नाही, देऊन टाकू का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर: ताई, थांबा, आज नको. जाड, जड, नखाने टिचकी मारली तर थाळीसारख्या वाजतात त्या ७८ आरपीएमच्या, लाखेच्या. आपल्याकडे साधारण १९७० पर्यंत निघत होत्या. त्या आपटल्या की सरळ फुटतात, म्हणून गाठोडं सोडा आणि खोक्यात उभ्या ठेवा, मधे जाड पुठ्ठे घाला आणि खोकं हलणार नाही असं ठेवा. पुसायच्या असतील तर कोरड्या मऊ फडक्याने. स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, खाचाच जातील. पाण्याचा हात फिरवायचाच तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर थोडंसं, लेबल ओलं होऊ न देता.

एका बाजूला तीनेक मिनिटं बसायची, त्यामुळे त्या काळच्या गवयांनी अख्खा राग तेवढ्यात मांडलेला असतो आणि नाट्यपदंही कापूनच घेतलेली असतात. बालगंधर्वांचं जळगावशी नातं आपल्याकडे अजून प्रेमाने सांगतात, तेव्हा त्यांचं किंवा त्यांच्या काळातल्या कुणाचं नाव लेबलवर दिसलं तर ती वेगळी काढा. पण नुसतं नाव मोठं म्हणून हुरळूही नका, त्यांच्या काही रेकॉर्डी पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या होत्या. अनोळखी नाव असेल तर उलट जास्त जपा.

लेबलांचे फोटो काढून मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सकडे विचारून बघा, १९९० पासून ही मंडळी जुन्या रेकॉर्डींचंच काम करतायत. ज्याच्याकडे ७८ चा स्पीड आणि त्याची जाड सुई आहे त्याच्याकडून आधी सगळ्यांचं रेकॉर्डिंग पेनड्राईव्हवर करून घ्या. एलपीची सुई बारीक असते, ती ७८ च्या रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते, म्हणून कुणी साध्या प्लेअरवर लावून 'खराब आहेत' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. रेकॉर्डिंग झालं की सासऱ्यांना आवडायच्या त्या चारपाच घरात ठेवा आणि बाकी, मशीन असलेल्या माणसाला द्या. मशीन नसलेल्या घरात शंभर ७८ जपणं म्हणजे तुमच्या सुनेसाठी हेच पत्र लिहून ठेवणं आहे. रद्दीवाल्याला फक्त फुटलेल्या द्या.

प्रश्न: मी धुळ्याला कॉलेजला आहे, नुकताच सेकंडहँड प्लेअर घेतलाय. ओळखीचे एक काका त्यांच्या दीडशे एलपी मला फुकट देतोय म्हणतायत. सगळ्या घेऊ का? काही वाकड्या आहेत, कापड ठेवून इस्त्री फिरवली तर सरळ होतात असं एकाने सांगितलं.
— एक वाचक, धुळे

उत्तर: इस्त्री कपड्यांवरच फिरव भो. व्हायनलचा प्रश्नच उष्णतेचा, त्यात इस्त्रीने खाचाच वितळतील. थोडी वाकडी असेल तर दोन सपाट काचांमध्ये दाबून गार जागी महिनाभर ठेवून बघ, कधी थोडा फरक पडतो, कधी पडत नाही.

सगळ्या घेऊ नकोस. होस्टेलच्या खोलीत जागा किती ते तुला माहीत, आणि फुकट मिळालेला ढीग पाच वर्षांनी टाकायची पाळी तुझ्यावरच येते. काकांच्या घरी दोन-तीन वेळा जा, त्यांच्याबरोबर बसून ऐक, ऐकलेल्यातल्या आवडतील तेवढ्याच ने. वर सांगितलेली कडेची आणि उजेडाची तपासणी तिथेच कर. जाड प्लास्टिकच्या पिशव्या कव्हरवर घातलेल्या असतील तर आणल्याआणल्या काढून टाक, आपल्या उन्हाळ्यात त्या चिकट होतात आणि आतल्या रेकॉर्डवर धुरकट डाग पडतात, तो डाग धुतल्याने जात नाही. आणि पहिले पैसे रेकॉर्डीवर नाही, नवीन सुईवर घाल. सेकंडहँड प्लेअरवरची सुई किती वर्षांची आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि काकांनी चाळीस वर्षं जपलेली एलपी तू एका संध्याकाळी राखाडी करून ठेवशील.